न्हाली की नेऊ

"डॉक्टरीणबाई, पाळी एकदा थांबून गेल्यावर बाईला ती पुन्हा येते का हो?"

मित्रांनो, हा प्रश्न मी विचारलेला नाही. मला तोंडच नाही, तर विचारणार कशी! तो विचारला आमच्या कोकिळाने, उंद्रीच्या शाळेत, सातवीच्या वर्गात, सगळ्या पोरींच्या देखत. तोही मैत्रिणींनी पैज लावली म्हणून. पण तिच्याआधी कितीतरी दिवस तो माझ्या अंगात मुरत होता. म्हणून आधी मी कोण ते ऐका.

मी एक जुनी काळी घोंगडी आहे.

गावाबाहेर धनगरांच्या मेंढ्या बसायच्या, त्यांच्यातल्या एका धनगरणीने माझी लोकर कातली. तिच्या नवऱ्याने मला मागावर विणलं आणि चिंचोक्याची खळ लावून उन्हात वाळवलं. तेव्हा मी अशी कडक झाले होते, की कोणी उभी केली असती तर उभीच राहिले असते! कोकिळाच्या बाबांनी, म्हणजे पंजाबरावांनी, मला बाजारातून आणलं. माझ्यावर हात फिरवून ते म्हणाले होते, "काय घोंगडी हाये! पावसाचा थेंब आत जानार नाही." मला डोक्यावरून घेऊन ते ज्वारीची राखण करायचे. मी ऐटीत होते. मग एकदा शेकोटीची ठिणगी उडाली, मला भोक पडलं आणि माझी ऐट संपली. भोकाची घोंगडी पाहुण्याला कशी द्यायची?

मग माझी नेमणूक झाली मागच्या पडवीत. घरातली बाई पाळी आली म्हणून बाजूला बसली, की तिने माझ्यावर बसायचं, माझ्यावर निजायचं. चौथ्या दिवशी तिने न्हायचं, मला नाल्यावर धुवायचं आणि वेगळ्या खुंटीला टांगायचं. त्या दिवसांत तिला कोणी शिवायचं नाही. मला तर कोणी कधीच शिवायचं नाही.

वाईट वाटलं, पण खरं सांगू का? त्या पडवीत मजाही होती. कोकिळा पहिल्यांदा बाजूला बसली तेव्हा माझ्यात तोंड खुपसून रडली होती. तेव्हा नेमकी तिची आत्या, झुंबरबाई, तिथेच बसलेली होती. झुंबरआत्या म्हणजे पंजाबरावांची मोठी बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली आणि सगळ्या घराला पुरून उरलेली. ती म्हणाली, "रडतं काऊन वं? चार दिस भाकरी थापा लागत नाही, हे काय कमी हाये?" कोकिळा रडता रडता हसायला लागली. पुढे दोघींचे दिवस जुळून आले, की पडवीत नुसता खिदळण्याचा आवाज. गीताबाई, म्हणजे कोकिळाची माय, चुलीपुढून ओरडायची, "अवं बाजूले बसल्या का लग्नाले बसल्या तुमी?"

मग वयोमानाने आत्याचं बाजूला बसणं थांबलं. कितीतरी पावसाळे ती माझ्याकडे फिरकली नाही. आणि एका दुपारी ती अचानक पडवीत आली. खुंटीवरून मला काढलं, झटकलं आणि बसली.

शेजारच्या तानुबाईला कळलं, तर ती दारातूनच टाळ्या पिटायला लागली. "काय झुंबरबाई, कावळा शिवला वं तुले? जवानी वापस आली म्हना की!"

"हाव ना," आत्या म्हणाली, "आता माह्यासाठी नवरदेव पाहा एखादा."

सगळ्या हसल्या. मी मात्र हसू शकले नाही. मित्रांनो, मी कितीतरी बायकांचे दिवस अंगावर झेललेले आहेत. मला त्यातला फरक कळतो. हे रक्त तसं नव्हतं. त्याला वास होता. मधेच पाण्यासारखं जायचं, मधेच थांबायचं, पुन्हा यायचं. आत्या कंबर धरून कुशीवर वळायची आणि कोणाची चाहूल लागली की हात काढून घ्यायची.

आणि मी काळी! हेच माझं दुःख. पांढरी असते, तर नाल्यावर वाळत घातल्यावर अख्ख्या गावाला दिसलं असतं. काळ्या लोकरीवर रक्त दिसतच नाही. जे मला माहीत होतं ते माझ्याच रंगाने झाकून टाकलं. मी करणार तरी काय? घोंगडीने फार तर टोचावं. मी टोचत राहिले.

त्याच दिवसांत नागपूरकडच्या एक इन्स्पेक्टरबाई शाळा तपासायला आल्या. त्यांच्यासोबत बुलढाण्याच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्या मोठ्या मुलींना अंगाच्या स्वच्छतेबद्दल सांगत होत्या. "विचारा काही," म्हणाल्या, तर सगळ्या पोरींच्या माना खाली. मास्तरांची मुलगी प्रतिमा कोकिळाला कोपराने ढोसत होती. "तू तर लई वाघीन हायेस ना! तुह्या आत्याचं विचार. नाही विचारलं तर आजपासून तुले शेळी म्हनू!"

कोकिळा आणि शेळी? ती ताडकन उभी राहिली आणि तिने तो प्रश्न विचारला. पोरी पदरात तोंड घालून हसल्या.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी कोकिळाला बाहेर व्हरांड्यात नेलं आणि विचारलं, "कोणाला होतंय असं?"

हे सगळं मला कसं कळलं? कोकिळाने घरी येऊन पडवीच्या उंबऱ्याशी उभं राहून आत्याला सांगितलं म्हणून. आत शिरायची सोय नव्हती. आत्या तेव्हा माझ्यावर बसलेली होती.

"आत्या, त्या म्हनाल्या, ती पाळी नसते. एकदा थांबून वर्स उलटलं अन् मंग रगत गेलं, तर ते दुखनं असते. पिशवीच्या तोंडाशी कर्करोगाची गाठ वाढते म्हने कधीकधी. त्यायले पाहा लागते. लवकर दिसलं तर काढता येते. अन् चाळिशीच्या बाईनं तर काही होत नसलं तरी एकदा तपासून घ्याव, म्हने. दुखाले लागते तवा उशीर झालेला असते."

आत्या माझ्या दशा बोटांना गुंडाळत बसली. मग म्हणाली, "बाई डॉक्टर हाये ना? मंग ठीक. जाऊ."

जाऊ! ऐकलंत ना? ती हो म्हणाली होती. मला वाटलं, सुटलो.

पण गीताबाई म्हणाली, "बाजूले बसेल बाईले बैलबंडीत कसं घेऊन जाव? त्याच बंडीत सनावाराचं धान्य येते. मंग मोटारीत शंभर लोकायले शिवाशिव. न्हाली का नेऊ." त्यात दुष्टपणा नव्हता हो. ती रोज आत्याची भाकरी सगळ्यांच्या आधी थापायची. पंजाबराव ओसरीवर बसून सुपारी कातरत होते. बायकांच्या गोष्टीत पुरुषाने काय बोलायचं? एवढंच म्हणाले, "हाव. अक्का न्हाली का नेऊ."

झालं! न्हाली की नेऊ. पण रक्त थांबल्याशिवाय ती न्हाणार कशी? आणि ते थांबतच नव्हतं, म्हणूनच तर न्यायचं होतं. मित्रांनो, घरातली शहाणी माणसं या फेऱ्यात अशी अडकली, की कोणालाच तो फेरा दिसेना. मला दिसत होता. मी पडवीत पडून होते.

मग एकदा ते थांबलं. आत्या न्हाली, तुळशीपाशी जाऊन आली. कोकिळा शाळेतून धावतच आली. "चला आता!"

तर आत्याच म्हणाली, "आता काय झालं मले? चांगली तर हाये मी. कापूस फुटून राह्यला, वेचाले मानूस नाही, अन् मी डॉक्टरकडे मिरवाले जाऊ?"

"पन आत्या, त्या म्हनाल्या होत्या..."

"थांबलं ना वं पोरी! थांबल्यावर काय दाखवू त्यायले?"

चालू असताना नेता येत नाही आणि थांबल्यावर दाखवायला काही नाही! मी खुंटीवरून हे ऐकलं आणि मला वाटलं, आपण जळून गेलो असतो तर बरं झालं असतं. आठवडा जात नाही तो आत्या पुन्हा माझ्यावर. पुन्हा "न्हाली का नेऊ." पुन्हा थांबलं, तर तूर आली. मग हरभरा आला. आत्याच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. मला धुवायला नाल्यावर नेताना ती वाटेत दोनदा बसायची. मी पाण्याने जड झाले, की तिच्याने पिळवायची नाही. ओलीच, ठिबकत ठिबकत परत यायचे. निदान हलकं तरी व्हावं म्हटलं, तर तेही माझ्या हातात नाही.

कोकिळा बोलायची ना! रोज बोलायची. आधी लाडीगोडीने, मग रुसून, मग भांडून. "पोरीच्या जातीनं असं बोलू नाही," असं सगळे म्हणायचे. ती पाय आपटत परसात जायची आणि परत यायची. तिलाही उंबरा ओलांडता येत नव्हता.

तुमच्या घरी कोणी असं कंबर धरून गप्प बसत असेल, तर मित्रांनो, ती हसते म्हणून तुम्ही हसू नका. तिला विचारा. एकदा नाही, पुन्हा विचारा. आणि रक्त थांबायची वाट पाहू नका. घोंगडी बोलत नाही, तुम्हाला बोलता येतं.

आजची दुपार सांगते. गीताबाईने नेहमीसारखी भाकरीची थाळी लांबून सरकवली. आत्याने हात पुढे केला, पण तिच्याने उठवेना. ती कुशीवर कलंडली आणि तिचं डोकं माझ्यावरून खाली जमिनीवर गेलं. गीताबाई दारात उभी राहून रडायला लागली. "बाई, उठा ना वं. बाई, उठा ना." धावून जावं असं तिच्या डोळ्यांत होतं, पण पाय जागचे हलत नव्हते. मी तिला दोष देत नाही. माझे तरी कुठे हलत होते?

तेवढ्यात कोकिळा शाळेतून आली. दप्तर अंगणातच पडलं. ती सरळ उंबरा ओलांडून आत आली, माझ्यावर मांडी घालून बसली आणि आत्याचं डोकं तिने मांडीवर घेतलं.

"अवं शिवली ना तू!" गीताबाई किंचाळली. "जाय, आंधी डोक्यावरून पानी घे!"

"नाही घेत."

आरडाओरड ऐकून पंजाबराव पडवीच्या तोंडाशी आले आणि मान फिरवून उभे राहिले. आत्याने डोळे उघडले. "सोड व माय," ती पुटपुटली, "तुले पाप लागन."

"लागू दे," कोकिळा म्हणाली. तिने पदराने आत्याचं तोंड पुसलं. आत्याचं अंग तापलेलं होतं आणि किती हलकं! आता डॉक्टरीणबाईंना काय दिसेल, काढण्यासारखं काही उरलं असेल की सगळंच हातचं गेलं असेल, मला माहीत नाही. मला नुसतं ओलं होता येतं.

कोकिळाने मान वर केली.

"बाबा, इकडं पाहा. माय, तूबी आयक. मी आत्याले घेऊन आत्ताच निघून राह्यली. बंडी जुपा, नाहीतर मी सडकेवर उभी राहून कोनाचीबी थांबवतो. चिखलीहून बुलढाण्याले मोटार हाये. न्हायाची वाट पाहाची नाही, आता कोनासाठीच नाही. अन् माय, तू रडू नको, लुगडं बदल. तूबी चाल. चाळिशी आली तुही. त्या डॉक्टरीणबाईले तुलेबी दाखवाचं हाये."

"मले?" गीताबाई म्हणाली. "मले काय झालं? मले तर कुठंच दुखत नाही."

"म्हनूनच चाल," कोकिळा म्हणाली.