लाकूडवाल्यांकडे राहिलेला डबा

मी एक पत्र्याचा डबा बोलतोय. गोल, वीतभर उंच, झाकण जरा घट्ट. शिकलेला म्हणाल तर अजिबात नाही. माझ्या अंगावर एके काळी सोनेरी अक्षरं होती. येणारा-जाणारा ती वाचायचा, पण मला एकट्यालाच वाचता आली नाहीत. आता ती पुसून गेलीत, त्यामुळे तुम्ही आणि मी सारखेच. सांगतो ते सावकाश ऐका. घाई मला कधी जमली नाही.

जन्म कारखान्यातला. पत्र्याच्या एका तावातून आम्हा भावंडांना कापलं, वाकवलं, ठोकलं. माणसं जन्मताना रडतात म्हणे, आम्ही खणखणलो. पुढे माझ्यात बिस्किटं भरली, दुकानात मांडलं, आणि एका घरी ती बिस्किटं एका दुपारीत फस्त झाली. रिकाम्या डब्याच्या नशिबी पुढे सुई-दोराच असतो. पण त्या घरच्या मालकिणीनं मला मुलांच्या घराला देऊन टाकलं, आणि मी सुटलो.

मुलांचं घर म्हणजे मोठ्या इस्पितळामागचं भाड्याचं दुमजली घर. लांबून आलेली आजारी मुलं, उपचार चालतील तोवर, आपापल्या आयांबरोबर तिथं राहायची. कुणी महिनाभर, कुणी वर्षभर. खाली स्वयंपाकघर, आणि तिथं काकूंचं राज्य. काकू मुलांकडून बिस्किटं करून घ्यायच्या. पीठ मळायला कुणालाही मुभा, फक्त हात धुतलेले पाहिजेत. मग कुणाचं बिस्किट बशीएवढं, कुणाचं बटणाएवढं. एका पोरीनं कान असलेलं काहीतरी केलं होतं.

"हे काय गं?" काकूंनी विचारलं.

"मांजर."

"आणि शेपूट?"

"शेपूट मी खाल्लं."

अशी बिस्किटं माझ्यात भरून मुलांच्या घराच्या बाई मला बाहेर न्यायच्या. बाई पूर्वी त्याच इस्पितळात नर्स होत्या. नोकरी सुटल्यावर त्यांनी हे काम धरलं, श्रीमंतांकडे जाऊन मुलांच्या घरासाठी मोठी मदत मिळवायचं. चिल्लर गोळा करणारे दुसरे होते. बाई जायच्या त्या, जो एकट्याच्या बळावर एक मजला उभा करील, एक यंत्र घेऊन देईल, अशा माणसाकडे.

त्यांची एक रीत होती. पहिल्या भेटीत मागायचं नाही. गप्पा मारायच्या, बिस्किटं द्यायची, आणि निघताना मला मुद्दाम तिथंच विसरायचं. "पहिल्यांदा जायला ओळख लागते, दुसऱ्यांदा जायला निमित्त लागतं," त्या काकूंना सांगायच्या. "निमित्त आपणच ठेवून यावं." चार दिवसांनी जायचं, "माझा डबा राहिलाय" म्हणायचं. रिकामा डबा परत देताना माणूस जरा ओशाळतो. बाई मागायच्या ते त्याच घडीला. डबा हातात आल्याशिवाय मात्र शब्द काढायचा नाही. हा नियम त्यांनी कधी मोडला नाही.

त्यामुळे मी पुष्कळ दिवाणखाने पाहिले, आणि बाईंची पाठ फिरल्यावर लोक काय बोलतात तेही ऐकलं. एका बंगल्यात दार लागल्याबरोबर वहिनी म्हणाल्या, "गेल्या का? पंखा बंद करा आता." एका कडक वकिलानं बाईंसमोर एक बिस्किट उचललं नाही, आणि त्या गेल्यावर उभ्या उभ्या नऊ खाल्ली. पुढे मुलांना इस्पितळात न्यायला गाडी दिली ती त्यानंच. माणसाचं काही सांगता येत नाही. झाकण उघडल्याशिवाय आत काय ते कळत नाही.

मग लाकूडवाल्यांकडे गेलो. लाकडाचा मोठा व्यापार, म्हणून सगळे त्यांना लाकूडवालेच म्हणायचे. बायको वारलेली, मुलगा दूरदेशी. एवढ्या मोठ्या घरात ते आणि त्यांच्या स्वयंपाकाच्या मावशी, दोघंच. खुर्चीवर बसायच्या आधी तिला टिचकी मारून लाकूड ऐकायची त्यांना सवय. बाई आल्या, बोलल्या, मला विसरून गेल्या.

चार दिवसांनी, गुरुवारी, बाई फाटकातून आत येताना लाकूडवाल्यांना खिडकीतून दिसल्या. मी जेवणाच्या टेबलावर होतो. त्यांनी मला उचललं आणि झोपायच्या खोलीतल्या कपाटात, कोटांच्या मागं ठेवून दिलं. मला वाटलं, वय झालं, भ्रमिष्टपणा असेल. दिवाणखाना शेजारीच, शब्द न् शब्द ऐकू यायचा.

"डबा होय? बघतो हं. मावशी, बाईंचा डबा कुठं ठेवलात?"

"मी कशाला ठेवू? तुम्हीच तर—"

"सापडत नाहीये हो. पुढच्या गुरुवारी सापडेल. चहा घ्या ना."

पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्याही. गुरुवारी लाकूडवाले सकाळीच दाढी करायचे, इस्त्रीचा सदरा घालायचे. मावशी मस्करी करायच्या, "साहेब, डब्यासाठी एवढी तयारी?"

"तुम्ही भाजी बघा, करपतेय."

"भाजी अजून चिरलीसुद्धा नाही!"

बाई मुलांच्या गोष्टी सांगायच्या, ते लाकडांच्या सांगायचे. ते हसले की घरात आवाज घुमायचा. सहा महिने मी अंधारात कोटांना टेकून होतो. मला स्वयंपाकघर आठवायचं, पिठाचा वास, मुलांचे ओले हात.

एकदा मावशींनी विचारलंच. "द्यायचं नसेल तर सरळ नाही म्हणा, साहेब. बाईंना हेलपाटे कशाला?"

"द्यायचंय हो," लाकूडवाले म्हणाले. "पण दिलं की संपलं. मागं त्या शाळेला वर्ग बांधून दिले. देईपर्यंत दर आठवड्याला तिघं तिघं यायचे. दिल्यावर वर्षाला एक कार्ड येतं. सहीसुद्धा छापलेली."

मला कळलं. पण तोंड नसलेल्यानं कळून काय करायचं?

मग एका गुरुवारी लाकूडवाले फोनवर बोलायला बाहेर गेले होते, तेव्हा बाईंचा आवाज खाली आला. "मावशी, डबा सापडला तर फार बरं होईल. आमचा घरमालक जागा विकतोय. दोन महिन्यांत बाहेर पडायचंय. सत्तावीस मुलं आहेत. निम्म्यांचे उपचार अर्ध्यावर आहेत, ती गावी परत गेली तर..."

"अगं बाई! मग साहेबांना सांगा की."

"डबा हातात नाही तोवर मी मागत नाही."

"धन्य आहे तुमची!" मावशी म्हणाल्या. "एक देईना, एक मागेना. आणि पोरांनी काय डब्यात राहायचं?"

धाडकन कपाट उघडलं. उजेडानं माझे डोळे दिपले, म्हणजे डोळे असते तर दिपले असते. लाकूडवाले खुर्चीत येऊन बसताहेत तोच मावशींनी चहाच्या ट्रेमध्ये, दोन कपांच्या मधोमध, मला आणून ठेवलं. "हा घ्या. कोटांमागं होता. सहा महिने."

लाकूडवाल्यांचे कान लाल झाले. बाईंनी मला मांडीवर घेतलं, एकदा झाकणावरून हात फिरवला, आणि मागितलं. नेमकं, न अडखळता. ती जागा विकत घेऊन द्या, म्हणाल्या.

लाकूडवाल्यांनी खाली बघत विचारलं, "दिल्यावर याल?"

इथं एक 'हो' पुरलं असतं. मी मनातल्या मनात म्हणत होतो, म्हणा हो, बाई, म्हणा!

बाई म्हणाल्या, "खोटं नाही सांगत. दर गुरुवारी नाही जमायचं. मला दुसरी दारं ठोठावावी लागतील."

"बरं," लाकूडवाले म्हणाले. "विचार करतो."

आम्ही निघालो. कोपऱ्यावरच्या बाकावर बाई बसल्या. मला म्हणाल्या, "एक खोटं बोलले असते ना रे, तर घर मिळालं असतं." डोळे पुसले आणि उठल्या.

सगळा आठवडा मुलांच्या घरात बांधाबांध चालली. गुरुवारी दहाच्या सुमाराला स्वयंपाकघराच्या दारात इस्त्रीचा सदरा घातलेले एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले. काकूंनी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं.

"वरचा नळ बघायला आलात ना? किती दिवस सांगतेय!"

"नाही, मी... बिस्किटं करतात ती इथंच ना?"

"मग हात धुवा आधी. तसेच आत नाही यायचं."

लाकूडवाल्यांनी निमूट हात धुतले. टेबलाला टिचकी मारली. "वाळवी आहे," म्हणाले. मग मुलांच्या ओळीत बसून पीठ मळायला लागले. शेजारची पोरगी म्हणाली, "आजोबा, जाड झालं. तुमचं कच्चं राहणार." राहिलंच. त्यांनी ते कच्चंच खाल्लं. बाई बाहेरून आल्या तेव्हा लाकूडवाल्यांच्या नाकाला पीठ होतं.

ते म्हणाले, "तुम्हाला यायला जमणार नाही. मला जमेल."

महिन्याच्या आत त्यांनी घर विकत घेऊन मुलांच्या नावानं केलं. दारावर आपलं नाव लावू दिलं नाही. टेबल मात्र नवं करून दिलं, स्वतः लाकूड निवडून. चार वर्षं ते गुरुवारी येत होते. माझ्या आयुष्यातले चांगले दिवस तेच. त्यांची बिस्किटं शेवटपर्यंत जाड.

मग एका गुरुवारी ते आले नाहीत. छातीचं दुखणं. बाई मला भरून त्यांच्याकडे गेल्या. आता मागायचं काही उरलं नव्हतं. तरी त्या पुढच्या गुरुवारी गेल्या, त्याच्याही पुढच्या. 'जमणार नाही' म्हणालेल्या बाई अकरा गुरुवार गेल्या. बाराव्याला जायचं कारण राहिलं नाही.

त्याला आता किती वर्षं झाली, मला मोजता येत नाही. बाई थकल्या, लेकीकडे असतात. त्यांच्या जागी नवी मुलं-मुली आहेत, चांगली आहेत, श्रीमंतांना फोनवर फोटो पाठवतात आणि काम होतं. मी वरच्या फळीवर आहे. बूड गंजलंय, म्हणून माझ्यात खायचं काही ठेवत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. खालून अजून पिठाचा वास येतो.

त्या नव्या पोरांना, आणि तुम्हालाही, एवढंच सांगणं आहे. मागायला जरूर जा, त्यात लाज नाही. पण ज्यानं देऊन टाकलंय, त्याच्याकडे काही काम नसताना एकदा जाऊन या. चहा गार होईपर्यंत बसा.