एका पानाचा अहवाल

"सत्त्याण्णव टक्के पाणीपुरवठा?" बायकोने रिकामी बादली कोष्टकरावांच्या पुढ्यात आदळली. "मग उरलेल्या तीन टक्क्यांत नेमके आपणच बरे सापडतो!"

कोष्टकराव पाणीखात्यातले कारकून. खात्याचा वार्षिक अहवाल तीस वर्षं तेच लिहीत आले. चारशे पानांचा तो ग्रंथ इतका जड, की एकदा वादळात कचेरी उडायला निघाली होती, ती म्हणे त्याच्या गठ्ठ्यांमुळेच जागेवर राहिली. वाचला मात्र कुणी नव्हता. यंदाचा अहवाल निवृत्तीपूर्वीचा शेवटचा. खात्याबाहेरच्या एका तरी माणसाने तो वाचावा, एवढीच त्यांची हाव.

"अगं, टाकीतून सुटलेलं पाणी मोजतात," ते पुटपुटले.

"आणि बादलीत पडलेलं?"

ते तीस वर्षांत कुणी मोजलंच नव्हतं.

मग कोष्टकराव महिनाभर घड्याळ घेऊन गल्लोगल्लीच्या नळांपाशी उभे राहिले. रांगेला मसुदा मोठ्याने वाचून दाखवायचा आणि ज्या वाक्याला जांभई येईल ते तिथल्या तिथे खोडायचं, असा त्यांनी सपाटा लावला. जांभया इतक्या, की नळाखालचा कुत्रासुद्धा जबडा दुखून बसला. चारशे पानांचं उरलं एक. गल्ली कुठली, पाणी किती तास द्यायचं ठरलं, किती तास आलं, कमी का आलं आणि जाब कुणाला विचारायचा.

साहेब कडाडले, "हा अहवाल की किराण्याची यादी? आणि 'जाब विचारा : साहेब, खोली सात'? माझ्या मुळावर उठलात काय?"

बोलता बोलता त्यांचं बोट स्वतःच्या गल्लीवर थांबलं. "आमच्याकडे चाराऐवजी दोनच तास? तरीच रोज दाढीचा साबण तोंडावर वाळतो!"

तणतणतच त्यांनी सही ठोकली.

पान प्रत्येक नळावर चिकटलं. चौथ्या दिवशी खोली सातपुढची रांग जिन्याखाली पोचली. साहेब घाम पुसत फोनवरून गळक्या झडपांमागे माणसं पळवत होते; बाजूच्याच टेबलाशी कोष्टकराव बसले होते. तेवढ्यात शिवणकाम करणाऱ्या एक मावशी पुढे घुसल्या.

"हे लिहिणारे कोण?"

"मी," कोष्टकराव चाचरले.

"चुकलंय तुमचं. आमच्या गल्लीत दीड तास लिहिलंय. सव्वाच येतं. तीन दिवस मोजलंय मी."

साहेबांनी डोळे वटारले.

कोष्टकराव उठले. तीस वर्षांत त्यांच्या अहवालात कुणी पहिल्यांदाच चूक काढली होती. त्यांनी स्वतःची खुर्ची बाहीने पुसून पुढे सरकवली, पेनाचं टोपण काढलं आणि उभ्यानेच कागदावर वाकले.

"बसा मावशी. सावकाश सांगा. सव्वा तास... किती वाजल्यापासून?"