पुट्टीखालची भेग

अन्वरभाई रंगाऱ्याचा हात असा, की चोपड्याच्या रस्त्यावरचा लोखंडी पूल पावसाळा सरला की नवरीसारखा नटायचा. रंगात एक रेघ उठलेली त्याला खपायची नाही. आणि तीच सवय नडली बघा!

एक्क्याण्णव साली जळगावहून कौतिक पाटील नावाचे इंजिनिअर पूल तपासायला आले. रंग नुकताच वाळलेला. तीन दिवस ते केळीचे ट्रक मोजत बसले.

अन्वरभाईला हसू आलं. "साहेब, एवढा जाडजूड गर्डर ट्रकांनी मोडतो होय?"

"एका ट्रकाने नाही मोडत, भाई. पण तार वाकवून वाकवून तुटते ना? तसं लोखंडही थकतं. आधी केसाएवढी भेग पडते, मग ट्रकागणिक वाढत जाते. इथे मात्र एकही दिसली नाही. वीस वर्षं बघायला नको, असं लिहून देतो."

अन्वरभाईने कठड्यावरून वाकून खाली बघितलं. मधल्या गर्डरला, जोडपट्टीच्या टोकाशी, गेली तीन वर्षं गंजाची तांबूस रेघ उठायची. तो ती खरवडायचा, पुट्टी भरायचा आणि वर रंगाचे दोन हात द्यायचा. म्हणजे भेग त्यानेच झाकली होती की! सांगावं तर पुलाचं काम जाणार, आणि वर्षाचं हक्काचं काम तेवढं एकच होतं.

तेवढ्यात धुळ्याची एसटी पुलावर आली. कठडा त्याच्या तळहाताखाली थरथरला. खिडकीतली एक बाई मांडीवरच्या पोराला नदी दाखवत होती.

"साहेब, खाली चला," तो म्हणाला आणि शिडीवर चढून स्वतःच्याच हातचा रंग खरवडू लागला.

भेग बघून पाटील भडकले. "अहो, डोकं ठिकाणावर आहे का? किती वर्षं झाकताय हे?"

"तीन. पहिल्यांदा दोन बोटं पुट्टी लागली. मग चार. औंदा पुरी वीत."

पाटलांनी कागदावर आकडे मांडले आणि दोनदा पडताळले. "भाई, हा पूल आजच बंद करायचा. तुमचं नाव मात्र लिहावं लागेल."

"लिहा. खोटं थोडंच आहे?"

दुपारपर्यंत ट्रकांची रांग लागली. 'पूल बंद' अशी पाटी हवी होती, आणि रंगारी जवळ दुसरा नव्हता. अन्वरभाई रस्त्यात बसून अक्षरं काढू लागला. केळी घेऊन निघालेला एक ड्रायव्हर उतरून अंगावर आला, "चांगला पूल बंद कोणी केला रे?"

अन्वरभाईने ब्रश खाली ठेवला.

"मी केला," तो म्हणाला.