वरचा टमाटर

हर्षाली जिंकनार, हे मले आदिलाबाद टेसनावर गाडीत बसतानाच ठाऊक होतं. मायनं असं बोलू नये, नजर लागते म्हनतात. लागू दे! टेनिसमधी माह्या पोरीची सर्विस आली का समोरची आधी डोळे मिटते, मंग रॅकेट उचलते. आन पोरगी केवढी? तेरा वर्साची, बाप्पा!

मी रंजीता, तिची माय. भाजीबाजारात माहं दुकान आहे. शाळा आन प्रॅक्टिस झाली का हर्षाली तिथंच येऊन बसायची. आमच्या दुकानाची एक रीत आहे. किलोभर तोलून झालं का वरून एक टमाटर टाकाचा, आन तोही गिऱ्हाइकानं मागाच्या आधी. माह्या सासूनं मले शिकवलं, म्या पोरीले शिकवलं. ती इसरली का मी डोळे वटारायची.

तेच नडलं ना! मागच्या महिन्यात निजामाबादले हातात आलेली मॅच तिनं घालवली. लहान पोराईच्या मॅचमधी रेघेवर कोनी पंच नसते. आपल्या बाजूले पडलेला बॉल आत का बाहेर, हे ज्याचं त्यानंच सांगाचं. माही बाई बोटभर बाहेर पडलेले बॉल आत म्हनून सांगत होती. तिले शिकवनारे गोपालसर डोकं धरून बसले.

"काऊन वं असं करून राह्यली?" म्या परतीच्या गाडीत इचारलं.

"थोडासाच तं बाहेर होता, माय. तूच म्हनते ना, वरून एक टाकाचा."

माहं टाळकंच फिरलं. "अवं, टेनिस म्हनजे का भाजीबाजार आहे? ज्याचं त्याले बरोबर दे, वरून काई टाकू नको. पुन्हा दिसलं तं रॅकेट चुलीत घालीन!"

घरात चूल कवाचीच नाही, गॅस आहे. पन पोरगी समजली.

आता हैदराबादची फायनल होती. जिंकेल तिले तिथल्या अकादमीत जागा, राहनं-खानं सारं त्याईचंच. गोपालसर म्हनले होते, "ताई, आपल्या एका सिमेंटच्या कोर्टावर मले जेवढं शिकवता आलं तेवढं शिकवलं. यापुढं हिले तिथंच जाऊ द्या." म्हनून ही मॅच पायजेच होती.

कोर्ट लाल मातीचं. समोर निळ्या टोपीची, उंच पोरगी. पहिला सेट तिनं घेतला, दुसरा हर्षालीनं ओढला. बोटभर बाहेरचा बॉल आला का माही पोरगी सरळ बोट वर करून "आऊट" म्हनत होती. शाब्बास, म्हनलं, डोक्यात उजेड पडला. तिसऱ्या सेटमधी तं तिनं निळ्या टोपीले नुसतं पळवलं. शेवटी एक पॉइंट राह्यला. तो घेतला का मॅच आपली.

निळ्या टोपीनं जोरात मारला. बॉल मागच्या रेघेकडं आला, हर्षालीनं सोडून देल्ला. जाळीबाहेरून मले साफ दिसला, बाहेर!

"आऊट!" मी उडीच मारली.

"अम्मा, बाहर से बोलना मना है," एक साहेब धावत आले.

हर्षालीनं माह्याकडं पाह्यलंबी नाही. ती रेघेपाशी गेली, वाकली, मातीत उमटलेला बॉलचा ठसा निरखून पाह्यला. मंग हात आडवा करून म्हनली, "गुड." पॉइंट समोरचीले गेला, बरोबरी झाली; आता जिंकाले लागोपाठ दोन पॉइंट पायजे. निळी टोपीबी चकित झाली.

टाकला! टाकला कार्टीनं वरून टमाटर, तोबी फायनलमधी! म्या पदराचा बोळा तोंडात कोंबला, नाई तं साहेबानं मले गेटाबाहेर काढलं असतं. सारी मेहनत पान्यात गेली!

हर्षाली मात्र मजेत बॉलले टप्पे देत उभी होती. पहिली सर्विस केली, समोरचीचं रॅकेट पोचलंच नाही. दुसरी केली, बॉल कसाबसा परत आला, तो हिनं कोपऱ्यात असा ठेवला का निळी टोपी जागेवरच राह्यली. झालं. जिंकली माही वाघीन!

गोपालसर रडत होते. मी तरातरा आत गेली. "काऊन टाकला वं वरून? जीव गेला असता ना माहा!"

ती हासली. माहा हात धरून मले मागच्या रेघेपाशी नेलं. "पाय."

लाल मातीत बॉलचा गोल ठसा होता. त्याची कड पांढऱ्या रेघेवर चढलेली, नखाएवढा चुना पुसलेला.

"टमाटर नाई टाकला, माय. तोलूनच देल्लं."

म्या तिथंच तिले कवळ्यात धरलं आन हमसून हमसून रडली. लोक पाहत होते, पाहू दे.

आता ती हैदराबादले राहते. फोनवर सांगते, जेवन फिक्कं आहे, पन सर्विस वाढून राह्यली. दुकानात मी एकटीच. गिऱ्हाइकाले वरून एक टमाटर टाकाले जाते, तं हात दोन उचलते. दुसरा तिच्या वाटचा. टाकून देते तोबी.