सुनेला नाही कसं म्हणायचं

दत्तरावांनी इंग्रजीच्या पुस्तकाची पहिली चाळीस पानं एका झटक्यात उलटली आणि पुस्तक मिटलं.

"मॅडम, रस्ता विचारायचं, भाव करायचं, ते काय मला नको. समोरच्याला न दुखवता ‘तसं न्हाई’ कसं म्हणायचं, तेवढंच शिकवा."

वैदेही परभणीत घरीच इंग्रजीचे वर्ग घ्यायची. नोकरीच्या मुलाखतींसाठी मुलं-मुली यायच्या. पासष्टीचा विद्यार्थी पहिलाच.

"कुणाला म्हणायचंय, काका?"

"सुनेला."

कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत तीस वर्षं कलमं बांधून दत्तराव निवृत्त झाले होते आणि परभणीजवळच्या पिंगळी गावात राहत होते. मुलगा नागसेन बंगळूरला. त्याची बायको तेनमोळी तमिळ. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ती इंग्रजीत भरभरून बोलायची आणि दत्तराव हसून ‘येस, येस’ म्हणायचे. तसं म्हणता म्हणता त्यांनी पिंगळी सोडून कायमचं बंगळूरला यायचं कबूल करून टाकलं होतं. हे त्यांना कळलं, ते त्यांच्यासाठी रंगवलेल्या खोलीचा फोटो आला तेव्हा.

"मग नागसेनला सांगा की."

"तो तिलाबी हो म्हणतो, मलाबी. आन् पोरगी लय जीव लावते. तिचं मन मोडायचं न्हाई."

वैदेहीने वहीत वाक्यं लिहून दिली. ‘आय सी युवर पॉइंट, बट...’ ‘यू मे बी राइट, बट...’ दत्तराव अर्धं वाक्य स्वच्छ म्हणायचे आणि ‘बट’पाशी अडायचे.

"पुढचं म्हणा ना."

"तुमचं खरं हाय म्हणल्यावर पुन्हा तोंड उघडायचं? बरं दिसतं का ते?"

"आधी मान द्यायचा, काका. मग आपलं म्हणणं."

आठवडाभर दत्तराव ऑटोत, अंगणातल्या आपल्या झाडांमध्ये पुटपुटत राहिले. त्यांच्या पत्नी कुसुमबाईंनी डॉक्टरांचं नाव सांगून बिनसाखरेचा चहा पुढे केला, तेव्हा "यू मे बी राइट, बट," म्हणत त्यांनी साखरेचा डबा ओढला. नवऱ्याचा हा नवा गोडवा बघून कुसुमबाईंनी तो डबा ओढू दिला.

रविवारी तेनमोळी खोलीची खिडकी, कपाट, पडदे दाखवत होती. दत्तरावांनी घसा साफ केला.

"आय सी युवर पॉइंट," ते म्हणाले. कुसुमबाईंनी पदर बोटाला गुंडाळला. "बट... माय ट्रीज हिअर. माय पीपल हिअर. वुई कम टू मंथ्स. देन गो बॅक."

पलीकडे तेनमोळीच्या मागे उभा असलेला नागसेन जागच्या जागी थिजला. तेनमोळीने मान खाली घातली. मोडलं पोरीचं मन, असं वाटून दत्तरावांचा हात फोनकडे गेला.

पण ती खाली वाकून वही काढत होती. तिने एक पान शोधलं आणि ओळीवर बोट ठेवलं.

"बाबा, तुमचं बरोबर आहे," तिने एकेक अक्षर लावत वाचलं. मग वर बघितलं. "पण दोन महिने कमी आहेत. चार."

"थ्री," दत्तराव म्हणाले.

"चार!"

"अगं, मी सांगतो ना त्यांना," नागसेन मध्ये पडला.

"तू गप रे," दत्तराव म्हणाले. तिकडून तेनमोळीही त्याला तमिळमध्ये तसंच काहीतरी म्हणाली. कुसुमबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

दत्तरावांनी खुर्ची फोनच्या आणखी जवळ ओढली.

"हां, बोल पोरी," ते म्हणाले. "मी ऐकायलोय."