सड्यावरचं काळं

हंगामातली तिसरी क्रूझ येणार म्हणून सगळा गाव सड्यावर, समुद्राच्या डोक्यावरच्या उघड्या कातळपठारावर, लोटला होता. जसं काही ते जहाज यांच्याच घरी जेवायला येणार होतं! कोणी वडापाव बांधून आणला होता, कोणी पोरांना खांद्यावर घेतलं होतं. जन्नत मात्र एकटी कड्याच्या टोकाला उभी होती. बंदरासमोरच्या लहानशा बेटाआड तिचा पोरगा अद्नान होडी घेऊन थांबला होता.

आधीची दोन्ही जहाजं दक्षिणेकडून आली होती आणि बाहेरच नांगर टाकून उभी राहिली होती. त्यामुळे अद्नान निर्धास्त होता. इंजिन बंद, जाळं पाण्यात, जाळ्याचा दोर होडीला बांधलेला. आज मात्र जहाज उत्तरेकडून आलं आणि बेटाला वळसा घालू लागलं. सड्यावरून जहाजही दिसत होतं आणि होडीही. त्यांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

जन्नतने गर्दीतल्या नवऱ्याला हाक मारून टोकाला बोलावलं. "अवो, ता बघा, बेटाकडं वळतंय! अद्नानच्या अंगावर जातंय ता!"

तिचा नवरा गुलाम रसूल याने पंधरा वर्षं आखातात बोटीवर काढलेली. एवढं धूड जागच्या जागी थांबत नाही, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. फोन करावा तर अद्नान खाऱ्या पाण्याच्या धास्तीने फोन घरी डब्यात ठेवून जायचा. जहाजाने भोंगा दिला. बघ्यांनी टाळ्या पिटल्या. मागच्या दोन्ही खेपांना भोंगा असाच सलामीला वाजला होता, म्हणून अद्नाननेही तो मनावर घेतला नाही.

गुलाम रसूलने खांद्यावरचा पांढरा टॉवेल ओढला आणि जिवाच्या आकांताने हलवू लागला. अद्नानने वर पाहिलं, हात उंचावला, आणि दुसरं जाळं पाण्यात सोडायला लागला.

"या अल्ला!" गुलाम रसूलचा हात खाली आला. घाबरलेल्या माणसाला अक्कल कुठली? या गावात सड्यावरून पांढरं हललं की त्याचा अर्थ एकच, खाली माशांचा थवा आहे, जाळं टाका. पोराला हे त्यानेच शिकवलं होतं.

जन्नतने बुरख्याला हात घातला. काळ्याचाही अर्थ एकच होता. घरात मयत झालीय, जाळं कापा आणि परत या.

गुलाम रसूलने तिचं मनगट धरलं. "नको, जन्नत. खोटा काळा लावला तर ता खरा माणूस मागतंय, ज्याचा नाव सांगू तोच."

तिलाही ते खरं वाटत होतं. तिची आजी हे सांगताना दार लावून घ्यायची. तरी तिने मनगट सोडवून घेतलं.

"मागू दे. कोण गेला इचारला तर नाव माझा सांगा."

गावाने तिला बुरख्याशिवाय कधी पाहिलं नव्हतं. विटक्या गाऊनवर, उघड्या डोक्याने ती दोन्ही हातांनी तो काळा कपडा हलवत राहिली. टाळ्या थांबल्या. "कोण गेला गो?" कोणीतरी मागून विचारलं. गुलाम रसूलने मागे वळून त्याच्या कानात नाव सांगितलं.

थवा कोणत्या अंगाला आहे ते बघायला अद्नानने मान वर केली आणि तो तसाच थिजला. मग कोयता चमकला. दोर तुटला. इंजिन लागेना. एकदा, दोनदा. बेटाच्या टोकामागून जहाजाचं पांढरं नाक बाहेर आलं. जन्नतने डोळे मिटले नाहीत, मिटले तर पोरगा जाईल असं तिला वाटलं. तिसऱ्यांदा धूर निघाला आणि होडी सुटली. तिच्या मागेच जहाजाने दोन्ही जाळी गिळली.

धक्क्यावर गुलाम रसूल आधी उतरला. त्याच्या हातात बुरखा होता. जन्नतला पायऱ्या भराभर उतरवत नव्हत्या. होडी लागायच्या आतच अद्नानने उडी मारली. बापाच्या हातातला तो बुरखा त्याने पाहिला आणि तिथेच बसकण मारली.

"अम्मी..." एवढंच तो म्हणाला.

"हंय हाय रे मी! हंय हाय!" ती धावत आली. त्याने तिला लहान पोरासारखी मिठी मारली. मागे वळून जहाजाकडे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं.

त्याच्या डोक्यावरून हात फिरवताना तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"नाव माझाच सांगितलात ना?"

गुलाम रसूल बुरख्याची घडी घालत होता. ती काही नीट बसेना.

"नाय," तो म्हणाला. "माझा सांगितला."

जन्नतने नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं.