दोराखालचं पोतं

पोतं तुम्ही काढायला लावलंत, साहेब. दोष खडकाचा नाही, दैवाचा नाही, बाटलीचा तर नाहीच. तुमचा.

“एवारिस्तो, ते घाणेरडं फडकं उचल आधी. फोटोत दिसतंय,” तुम्ही म्हणालात.

एवारिस्तो काठावर पाय आत सोडून बसला होता, कमरेला दोर. खाली आमचं तळघर. डोंगराच्या पोटात सरळ उतरलेल्या त्या विवराला आम्ही तळघरच म्हणतो. त्यात आमचं अख्खं देऊळ घंटेसकट मावेल. तुमच्या नव्या पर्यटन केंद्राच्या उद्घाटनाचा कापडी फलक वाऱ्याने काठाखालच्या झुडपात अडकला होता आणि तो सोडवायला तुम्ही त्याला उतरवत होता.

“फडकं नाही साहेब, दोराची उशी आहे ती,” तो हसून म्हणाला. “मला बायको देत नाही, पण दोराला मी देतो.”

पाहुणे हसले. तुम्ही नाही हसलात.

“दोन मिनिटांचं काम आहे. उतरायचं नसेल तर उद्यापासून येऊ नकोस.”

चौकीदार निकानोरने पोतं ओढून घेतलं. “अहो, चुनखडीची धार आहे ती, पोतं ठेवा परत!” मी झाडापासून ओरडलो. झाडाला वेढा दिलेला दोर माझ्याच हातात होता. तुम्ही पाठ फिरवलीत, पाहुण्यांना तळघरात राहणाऱ्या पाकोळ्या पक्ष्यांची माहिती द्यायला.

एवारिस्तोने उभा जन्म त्या काठावर काढला. परदेशचे लोक दोर घेऊन यायचे, तळाशी जाऊन यायचे, आपापल्या देशात मोठे व्हायचे. हा वर बसून दोर जिथे खडकावरून वळतो तिथे ओलं पोतं घालायचा, सरकलं की नीट करायचा. कुणी उतरण्याआधी पिशवीतून उसाच्या दारूची बाटली काढून काठावर चार थेंब ओतायचा, तळघराच्या राखणदारासाठी. “घरधन्याला विचारल्याशिवाय उंबरा ओलांडू नये.” त्याच्या पोरीचा मी बाप्तिस्म्याचा बाप, म्हणून आम्ही एकमेकांना कोंपाद्रे म्हणायचो. मी चिडवायचो, “कोंपाद्रे, एक घोट आपल्यालाही?” तर म्हणायचा, “ती आपली नाही.” त्याने स्वतः कधी थेंब चाखला नाही.

त्या दिवशीही त्याने थेंब ओतले, मग उतरला. फलक सुटेना म्हणून झोके घेऊ लागला, डावीकडे, उजवीकडे. दर झोक्याला दोर धारेवर घासत होता. मग माझ्या हातातला दोर एकदम हलका झाला.

त्याला वर कुणी आणलं? परदेशच्या त्याच लोकांनी. आम्ही पुरलं. आणि तुमच्या चौकशीने काय शोधलं? पिशवीतली बाटली. ‘कर्मचारी दारूच्या नशेत होता.’ पोत्याबद्दल अवाक्षर नाही.

आमच्यात माणूस पडून गेला की देह वर येतो, पण जीव दचकून तिथेच बसतो. घरच्यांनी त्याचा सदरा घेऊन काठावर जायचं, थेंब ओतायचे, आत वाकून नावाने हाक मारायची आणि मागे न बघता सदरा छातीशी धरून घरी यायचं. हे झालं नाही तर पितर येतात त्या सणाला तो दारात उभारलेल्या झेंडूच्या कमानीतून घरी येणार कसा?

म्हणून त्याची बायको हिलारिया सदरा आणि बाटली घेऊन गेली. मी सोबत होतो. तुमचं नवं फाटक बंद.

“काकी, चौकशी चालू आहे. आत सोडता येत नाही,” निकानोर म्हणाला. आमच्याच गावचा, मान खाली घालून.

“मग हे कोण चाललेत?” पाहुण्यांची रांग छोट्या दारातून आत जात होती.

“ते पाकोळ्या बघायला. त्यांच्याकडे तिकीट आहे. आणि बाटली तर आत चालतच नाही. साहेबांची चिठ्ठी आणा.”

“नवऱ्याला हाक मारायला चिठ्ठी? लग्न करतानासुद्धा कुणी मागितली नव्हती रे मेल्या!”

तिने कुंपणाच्या जाळीला तोंड लावून हाक मारली. “एवारिस्तो! चल घरी!” हाक कुठली पोचते! मधे तुमचं उपाहारगृह आहे. आतून एक पाहुणी वळली, ओठांवर बोट ठेवून म्हणाली, “शूऽऽ! पक्षी बिथरतील.”

हिलारिया गप्प झाली. आयुष्यात कुणाला न घाबरलेली बाई, त्या बोटाला गप्प झाली. वर आभाळात पाकोळ्यांनी गिरकी घेतली आणि दगडासारख्या एकेक करून त्या तळघरात पडल्या. त्यांना कुणी अडवलं नाही.

परत फिरताना मी चौकीच्या उंबऱ्यात पाहिलं. पोतं तिथेच आहे, साहेब. तुमचे लोक त्याला पाय पुसतात.

हिलारिया रोज संध्याकाळी फाटकाशी उभी असते. सदरा धुतलेला नाही, धुतला तर त्याला वास ओळखू यायचा नाही. सण तोंडावर आलाय.

चिठ्ठी मागायला मी येणार नाही. विचारायला आलोय, आणि सगळ्या गावासमोर विचारतोय: तिला काठावर कधी जाऊ देता? बोला.